पेवावर फरशी

रोलरचा ड्रायव्हर इंजन बंद करायला तयार नव्हता आणि भूपालआण्णा चौगुले त्याच्या वाटेतनं उठायला तयार नव्हते. पेवमाळावर, रोलरच्या अगदी तोंडाशी, पोतं अंथरून त्यांनी मांडी घातली होती. शेजारी पाण्याचा तांब्या. रोलर जाग्यावरच धडधडत होता आणि तांब्यातलं पाणी भेदरल्यागत थरथरत होतं.

"आण्णा, उठा की आता," ड्रायव्हर वरनं म्हणाला.

"आधी ती धडधड बंद कर."

"बंद केला तर परत चालू होत न्हाई. ढकलायला लागतोय."

"रोलर? आणि ढकलतंय कोण?"

"म्हणून तर बंद करत न्हाई!"

"मग राहू दे चालू. पर म्होरं एक बोटभर आणू नगोस. खाली पोकळ हाय."

"खाली म्हंजे कुठं?"

"तू जितं बसलायस त्येच्या खाली."

ड्रायव्हरनं खाली वाकून बघितलं. मुरूम दिसला. लाल, सपाट, नवाकोरा. पण तो सीटवर जरा पुढं सरकून बसला, जणू मागं टेकलं तर वजन वाढेल.

आण्णा खोटं बोलत नव्हते. सोनडोहच्या त्या माळाखाली पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. तोंड असं अरुंद की एक माणूस जेमतेम उतरावा आणि आत पोट असं सुटलेलं की लग्नाची पंगत बसावी. तळाला काटक्या, कडेनं उसाचा पाला, मग चटया, मग हळद. वर दगडी फरशीचं झाकण आणि झाकणावर मातीचा उंचवटा, पाऊस निथळून जावा म्हणून. त्यात हळद सालोसाल राहते. कीड लागत नाही, उलट वजन चढतं. आत कोंडलेली हवा मात्र माणूस खाते. म्हणून पेव उघडलं की आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील विझला की माणसानं काठावरच थांबायचं.

बापजाद्यांनी खणलेली ही पेवं मधल्या काळात गावानं कचरा टाकायला ठेवली होती. कृष्णेचा महापूर गावभर फिरून गेला तरी माळावर चढला नाही, तेव्हा आण्णांच्या डोक्यात आलं. त्यांनी पेवं साफ करून घेतली आणि घरोघर फिरून सांगितलं, "हळद शिजवून वाळीवली की सांगलीच्या यार्डात पळवू नगासा. पेवात ठेवा. राहीबाईच्या बचत गटानं गिरण घेतलीय. गावातच दळू, गावाच्या नावानं इकू. पोरं कामाला शिरवळला जात्यात, ती हितंच राहतील."

"आणि नासली तर?" लोकांनी विचारलं होतं.

"नासली तर मला धरा. माझ्या जबानीवर ठेवा."

तेवढ्या एका शब्दावर अख्ख्या गावाची हळद जमिनीखाली गेली होती. शेवटच्या पेवात आण्णांची स्वतःची.

आता त्या शब्दावर रोलर उभा होता.

बुलेटचा आवाज आला. सरपंच लालासाहेब उतरले, मागनं त्यांचा मेव्हणा वीरधवल उतरला. लालासाहेब फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले; घरात बायकोला चहा मागायचा तरी सावधान उभं राहून मागत. वीरधवल कंत्राटदार. त्याच्या कानाला मोबाईल कायम असे. दोन वर्षांत गावानं त्याचा डावा कान बघितला नव्हता.

"काय चाललंय हे?" सरपंच म्हणाले. "सरकारी कामात अडथळा?"

"लाला, सरकारी काम म्हंजे पेवाला झाकणं घालायची हुती. जुन्या फरश्या फुटल्यात, नव्या पायजेत, एवढाच अर्ज हुता आपला. ह्यो अख्खा माळ बडवायला तुला कुणी सांगितलं?"

सरपंचांनी तंबाखू एका गालातनं दुसऱ्या गालात घातली. झालं असं होतं की अर्ज त्यांनी हातानं लिहिला नव्हता. मोबाईलला बोलून लिहिला होता. तंबाखू तोंडात ठेवून, फौजी झपाट्यानं ते म्हणाले होते, "पेवांवर फरशी बसवणे." मोबाईलनं उमटवलं, "पेव्हर फरशी बसवणे." वाचायला चष्मा नव्हता. वरच्या कचेरीत पेव कुणाला ठाऊक नव्हतं, पेव्हर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. स्थानिक उद्योगातनं विभागाचा विकास, अशा नावाची योजना होती, तिच्यात पैसे पडून होते. गावाचा अर्ज इतक्या झटक्यात कधी मंजूर झाला नव्हता.

"मी पेवावर म्हणलो, त्येनं पेव्हर ऐकलं," सरपंच म्हणाले. "मोबाईल पुण्यातनं घेतलाय. त्याला आपली भाषा काय कळतीय?"

"मग दुरुस्त कर की."

"आण्णा, मंजुरी दुरुस्त केली की नामंजूर हुती. ऑर्डर मतलब ऑर्डर. आमची पलटण राजस्थानात असताना आमाला रेनकोट आलं. घातलं आमी! दोन महिनं वाळूत रेनकोट घालून परेड केली. पाऊस कुठाय म्हणून एका जवानानं इचारलं न्हाई."

"इचारायला पायजे हुतं."

"इचारलं असतं तर रेनकोट परत गेलं असतं!"

आण्णांनी रेनकोटाचा नाद सोडला.

"बरं, आधी हळद काढू. मग घाल काय घालायचं ते."

"काढा की. आत्ता काढा."

सगळ्यांनी वर बघितलं. पश्चिमेकडनं ढग कलंडत आले होते, परतीच्या पावसाचे, काळे आणि बुडाला पिवळसर. हवा ओल्या घोंगड्यागत अंगाला चिकटत होती. असल्या दमटीत पेव उघडलं तर हळद बुरशीनं गेलीच म्हणून समजायचं. आणि महिनाअखेरीला काम झालं नाही तर निधी माघारी जाणार होता.

"दाजी, हा माळ कडक हाय हो," वीरधवल मोबाईलवर हात ठेवून म्हणाला. "मी स्वतः उडी मारून बघितली."

"तू उडी मारलीस! रोलर तुझ्याएवढा हाय व्हय रं?"

मांडी काही हलत नव्हती. तेवढ्यात माळाच्या कडेनं चंदनबाला आली, आण्णांची बायको. तिनं ढगाखालनं डोकावणाऱ्या सूर्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"आवं, दिस बुडाय आला. जेवायचं न्हाई? का आज उपाशी झोपायचं हाय?"

चौगुल्यांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी घास उचलत नाही. आण्णांनी दात काढून घेतले होते, तंबाखू सोडली होती, पण हा नेम कधी सोडला नव्हता. ते बसून राहिले. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला. पोटात गुरगुर झाली. आण्णा उठले, तांब्या उचलला आणि बायकोच्या मागनं खाली मान घालून चालायला लागले.

पाठीमागं रोलर पुढं सरकला. मातीतनं आवाज आला, रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा. मग तसलाच दुसरा. आण्णांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली, पण कशाशी खाल्ली ते त्यांना सांगता आलं नसतं.

*

फरशी बसली. लाल आणि करडी, नागमोडी. सोनडोहला एवढं गुळगुळीत काही कधी मिळालं नव्हतं. बायकांनी तिच्यावर सांडगे वाळत घातले. सरपंच पहाटे तिच्यावर एकटेच परेड करायला लागले, "बायां मुड" म्हणायचे आणि स्वतःच वळायचे. आण्णांनी पेवांच्या तोंडांवर खुणेला बाभळीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. त्या मजुरांनी उपटून चहा केला. उंचवटे रोलरनं बसवले. आता कुठलं तोंड कुठं होतं, कुणाला सांगता येईना. आण्णांना विचारलं तर ते माळावर उभे राहून एकदा देवळाकडं बघत, एकदा टाकीकडं, आणि बोट दाखवत. दुसऱ्या दिवशी विचारलं की बोट दुसरीकडं जाई.

मग पाऊस आला. परतीचा पाऊस चार बाजूंनी झोडतो, तसा झोडला. गावातल्या सगळ्या रस्त्यांवर तळी साचली. पेवमाळावर मात्र थेंब साचेना. पाणी फरशीवर पडायचं आणि फटीतनं गुमान खाली जायचं.

"बगा, कसला निचरा!" वीरधवल म्हणाला. "ह्याला म्हणत्यात क्वालिटी."

"आरं, पर पाणी जातंय कुठं?" आण्णांनी विचारलं.

"खाली."

"खाली काय हाय?"

वीरधवलला फोन आला.

पाऊस उघडल्यावर माळाला वास यायला लागला. हळदीचाच, पण गोडूस, उग्र, अंग शेकल्यागत. सकाळच्या उन्हात फरशीच्या फटींतनं बारीक वाफ निघायची. गावातली कुत्री माळ ओलांडून जाईनात, कडेकडेनं वळसा घालायला लागली. नाथाजीची म्हैस फरशीच्या काठाशी आली आणि चारी पाय रोवून उभी राहिली. नाथाजीनं शेपूट पिरगाळली, शिव्या दिल्या. शेवटी म्हशीनं त्यालाच ओढत देवळामागनं घरी नेलं.

"म्हशीला कळतंय," चंदनबाला म्हणाली.

"म्हशीला मत न्हाई," आण्णा म्हणाले.

राहीबाई आली ती भांडायलाच. उंच, आवाजानं भरलेली बाई. बचत गट तिनंच जमवलेला, गिरणही तिच्याच पडवीत बसवलेली.

"आण्णा, गिरणीवर कोळ्यानं जाळं घातलंय. बायका रोज इचारत्यात, हळद कवा निघणार? काय सांगू?"

"हवा कोरडी हू दे. मग फरशी उचलून काढू."

"फरशीला हात लावला तर गुन्हा हाय म्हणं. सरपंच दवंडी देऊन गेलं. पाच वर्सं हलवायची न्हाई."

"पाच वर्सं?"

"गॅरंटी हाय म्हणं तिची." राहीबाई खाली बसली. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आण्णा, तुमच्या शब्दावर ठेवलीय. माझ्या घरात ह्यापायी कुणी माझ्याशी बोलत न्हाई. आत काय व्हतंय वो?"

आण्णांना माहीत नव्हतं. पाणी आत गेलं असलं तर हळद तापत असेल. जिथं पाणी नाही तिथं झाकणं आधीच फुटलेली, वर रोलर फिरलेला. त्यांनी तिला सांगितलं, "काय न्हाई व्हत," आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

*

उद्घाटनाचा पाहुणा ठरला. कुठल्याशा महामंडळाचे साहेब. माळाच्या टोकाला कोनशिला बसली, काळ्या दगडाची, पुरुषभर उंच, सिमेंटच्या जाड ओट्यावर. तिच्यावर साहेबांचं नाव, सरपंचांचं नाव, वीरधवलचं नाव, आणि मोठ्या अक्षरांत 'पेव्हर फरशी'. आणि साहेबांची हळदतुला करायची असं सरपंचांनी ठरवलं.

"गुळतुला झाली, पेढेतुला झाली. आपल्या गावची ओळख हळद! एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात सोनडोहची हळद."

"सोनडोहची हळद कुठनं आणणार?" आण्णा म्हणाले. "ती फरशीखाली हाय."

सरपंचांनी तंबाखू गालात फिरवली. तासाभरात वीरधवलचा टेम्पो सांगलीच्या यार्डाकडं गेला आणि परराज्यातनं आलेली हळद पोती भरून घेऊन आला. पोत्यांवरचे शिक्के उलटे करून शिवले. बाहेर लिहिलं, 'सोनडोहची अस्सल'.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन पडलं. मंडप सगळा फरशीवर. पुढं बायका खाली बसलेल्या, पहिल्या रांगेत राहीबाईचा गट पिवळ्या साड्या नेसून, त्यातच चंदनबाला. मागं पुरुष खुर्च्यांवर. मधोमध दोन जाड खांब रोवून तराजू टांगलेला. साहेब आले. देहानं असे भरलेले की पारड्यात बसताना दोघांनी हात दिला आणि एकानं कमरेचा पट्टा धरला. दुसऱ्या पारड्यात पोती चढायला लागली. एक, आणखी एक, आणखी एक. लोक टाळ्या वाजवत होते.

आण्णा कडेला उभे होते. त्यांची नजर पोत्यांवर नव्हती, खांबाच्या बुडाशी होती. हळदीकडच्या खांबाजवळची एक करडी फरशी जरा तिरकी झाली होती. ते बघत राहिले. पुढचं पोतं चढलं. फरशी बोटभर खाली गेली आणि तिच्या फटीतनं बारीक माती भुरभुर आत सांडली. वाळूच्या घड्याळातनं सांडते तशी.

माईकवर शाळेचे मोहिते सर होते. जिल्ह्यात कुठंही सत्कार असला की निवेदन त्यांचंच. सर रंगात आले होते.

"बंधू-भगिनींनो! विकास वरनं येत नाही, मातीतनं येतो! आज ह्या कृष्णाकाठी, आपल्या बचत गटांच्या, आपल्या लहान लहान व्यावसायिकांच्या कष्टातनं, लघुउद्योगांचं अक्षरशः पेव फुटलं आहे!"

त्याच क्षणी खालनं कडाका आला. दबका, आत कुणी खाट मोडावी तसा.

"पेव फुटलं!" आण्णा ओरडले. "अरं, पेव फुटलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा! आमचे ज्येष्ठ शेतकरी भूपालआण्णा!" मोहिते सर माईकमधनं गहिवरले.

"सर, तसलं न्हाई! पेव फुटलं! उठा, बायांनो, उठा!"

बायका उठल्या. मानवंदना असेल असं समजून सगळा मंडप उठला. सरपंचांच्या अंगात फौज संचारली. त्यांनी मूठ वर केली. "एकसाथ! पेव—"

"फुटलं!"

"आवाज आला न्हाई! पेव—"

"फुटलं!" आणि शेकडो पाय फरशीवर आपटले.

आण्णांच्या पायाखालनं थरथर गेली. त्यांना बायकोचा पिवळा पदर दिसत होता, हात वर करून तीबी घोषणा देत होती. खांब कलायला लागला होता. पारड्यातले साहेब हसून नमस्कार करत होते. आण्णांनी हात जोडले, ओरडले, छाती बडवली, आणि ते जितके ओरडत होते तितका गाव नाचत होता.

मग ते वळले आणि पळत सुटले. मंडपामागं आचाऱ्यांनी चुली मांडल्या होत्या, त्या फरशीच्या बाहेर, शेतात. जिलबीची कढई अजून तापतच होती. आण्णांनी एक झाकण उचललं, उलथन्यानं बडवलं आणि आयुष्यात काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"पंगत बसलीऽऽ! जिलबी संपत आलीऽऽ!"

घोषणा अर्ध्यात तुटली. पुढची रांग, मागची रांग, खुर्च्या, पोरंबाळं, मोहिते सर, सगळा मंडप एका दिशेला लोटला. नाथाजी तर मंडपाच्या कापडातनंच आरपार आला. दोन दमात माळ रिकामा झाला. राहिले फक्त तीन जण: पारड्यात साहेब, शेजारी सावधान उभे सरपंच, आणि फोनवर वीरधवल.

आणि माळ बसला.

आवाज फार झाला नाही. जमिनीनं नुसता सुस्कारा टाकला. हळदीकडचा खांब आत गेला, पोती घरंगळून आत गेली, आणि वजन सुटल्यावर दुसरं पारडं धाडकन खाली आदळलं. इतक्या वर्षांत साहेब पहिल्यांदा जमिनीवर आले. खड्ड्यातनं पिवळ्या धुरळ्याचा लोट उठला, मंडपाएवढा, आणि सावकाश सगळ्यांवर बसला. पालीच्या खंडोबाला वर्षं काढलेला एक म्हातारा सवयीनं "येळकोट, येळकोट!" करायला लागला. त्याला कुणीतरी गप्प केलं.

साहेब पारड्यातच ताठ बसले होते, गळ्यात हार, अंगभर हळद, खड्ड्यापासनं एका हातावर. लग्नाआधीच्या नवरदेवागत दिसत होते, फक्त तोंडावरचा रंग उडालेला. सरपंचांनी त्यांना फेट्याच्या शेवानं ओढून बाहेर काढलं. ते गाडीत बसले. गाडी गेली.

तेवढ्यात खड्ड्यातनं फोन वाजायला लागला.

वीरधवलनं कानाला हात लावला. कान रिकामा होता. गावानं तो पहिल्यांदाच बघितला.

"माझा मोबाईल!" तो काठावर बसून पाय आत सोडायला लागला. आण्णांनी मागनं त्याची कॉलर धरली.

"थांब. राही, कंदील आण."

"आण्णा, सोडा! सगळे नंबर आत हायती!"

"थांब म्हणतो ना!"

कंदील आला. दोरीला बांधून आण्णांनी तो आत सोडला. सगळं गाव काठावर वाकलं होतं, कुणाच्या हातात द्रोण, कुणाच्या तोंडात कच्ची जिलबी. उजेड खाली गेला, मातीच्या भिंती दिसल्या, फाटक्या चटया, उसाचा काळा पाला. खाली कुठंतरी फोन मजेत वाजत होता. ज्योत निळी झाली. बारीक झाली. विझली. फोन वाजतच राहिला.

वीरधवलनं पाय वर घेतले. मग एवढंच म्हणाला, "कुणाचा आसंल?"

"जायचंय इचारायला?" आण्णा म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी वरनं हुकूम आला: माळ धोकादायक आहे, सगळे पोकळ खड्डे मुरूम टाकून बुजवा, टिपर परवा येतील. खाली हळद आहे की काय आहे, ह्याबद्दल हुकुमात चकार शब्द नव्हता. पण सरपंचांनी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि ह्या खेपेला चष्मा लावून वाचला.

"खड्डे बुजवायचे म्हंजे आधी उघडायला पायजेत," ते हळूच म्हणाले. "आणि उघडायचे म्हंजे फरशी उचलायला पायजे. ऑर्डर मतलब ऑर्डर."

त्या हुकुमानं फरशी जी निघाली! मजूर नाही, मशिन नाही. बायकांनी पहारी घेतल्या, पुरुषांनी घमेली. आण्णांना तोंडं सापडेनात. ते देवळाकडं बघत, टाकीकडं बघत, बोट दाखवत, तिथं खणलं की कडक माती लागे. शेवटी राहीबाईनं त्यांना खाली बसवलं आणि नाथाजीची म्हैस आणून माळावर फिरवली. जिथं म्हैस अडून बसेल तिथं पहार मारायची. म्हैस एकदाच चुकली, आणि तेबी तिथं वैरण पडली होती म्हणून.

एकेक पेव उघडलं. तोंडं उघडून हवा खेळू दिली, कंदील सोडले, विझले, थांबले, पुन्हा सोडले. ज्योत टिकली तिथं माणूस उतरला. दोन पेवांत वरचा थर काळा पडला होता, हात घातला तर चटका बसत होता. तो उपसून टाकला. खाली हळद कोरडी, खणखणीत. बुट्ट्या वर येत होत्या आणि ज्याची त्याची हळद ओळखून बायका नुसत्या मान हलवत होत्या.

फुटलेलं पेव नेमकं सरपंचांचं निघालं. त्यात वरनं टेम्पोतली पोती फुटून पडली होती, तेव्हा त्यांनी ठेवली होती त्याहून कितीतरी जास्त हळद वर आली. परराज्यातली कुठली आणि सोनडोहची कुठली, कुणाला निवडता येईना.

"वजन चढलंय," सरपंच म्हणाले. "पेवात चढतंच. आण्णांनी सांगितलंच हुतं."

राहीबाईनं ती हळद गिरणीच्या दारातनं परत पाठवली. सरपंचांनी यार्डात नेऊन विकली. 'सोनडोहची अस्सल' म्हणूनच.

टिपर आले तेव्हा एकच पेव उरलं होतं. आण्णांचं. म्हैस माळभर फिरली, कुठंच अडेना. शेवटी ती टोकाला गेली आणि कोनशिलेपुढं उभी राहिली ती हलेना. आण्णांनी काळ्या दगडावर कान ठेवला, पहारीनं ओट्यावर टकटक केलं. खालनं पोकळ आवाज आला.

"हे मात्र न्हाई," सरपंच म्हणाले. "हुकुमात खड्डे हायती. कोनशिला न्हाई. तिच्यावर साहेबांचं नाव हाय, आण्णा. साहेब आधीच तापल्यात. गावाला पुढचं काय मिळायचं न्हाई."

आण्णांनी गावाकडं बघितलं. सगळ्यांची हळद घरात आली होती. जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. फक्त राहीबाई पहार घेऊन पुढं आली, तर तिच्या नवऱ्यानं तिचा दंड धरला. टिपरनं मुरूम ओतला, कोनशिलेला वळसा घालून. पेवमाळ पुन्हा सपाट झाला.

खोटं बोलून जिलबीला लोक पळवले म्हणून आण्णांनी त्या आठवड्यात दोन उपवास धरले. चंदनबाला म्हणाली, "शब्द गावाचा राखलासा, आणि आपल्या घरात भाजीत घालायला दुकानची पुडी."

आता राहीबाईची गिरण दिवसभर घुमते. पाकिटं कराडला जातात, माधवनगरला जातात, पार शिरवळच्या कंपन्यांच्या कँटीनपर्यंत जातात. दोन पोरं शिरवळहून माघारी आली, टेम्पो घेऊन. शेजारची गावं बघायला येतात, आपल्याकडं पेव काढायचं म्हणतात. सरपंच त्यांना माळावर नेऊन सगळी हकीकत सांगतात. हकिकतीत आण्णा जिलबीपुरते येतात.

आणि भूपालआण्णा रोज सकाळी कोनशिलेपाशी जातात. गेल्या महिन्यात ती सरळ होती. आता नाही. पाऊस पडून गेला की ओट्याखालची माती थोडी सरकते, आणि काळा दगड केसभर पुढं वाकतो. आण्णांनी तिच्या भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलंय, पोरंसोरं जवळ जाऊ नयेत म्हणून. सरपंचांना त्याचं फार कौतुक वाटतं.

"बगा, शिकण्यासारखं हाय," ते पाहुण्यांना सांगतात. "स्वतःचं नुकसान झालं, पर साहेबांच्या नावाला म्हातारा किती जपतोय!"

आण्णा कुंपणाबाहेर उकिडवे बसतात. एक डोळा मिटून दगडाची रेघ टाकीच्या रेघेशी धरून बघतात. हळदीला घाई नसते. आत कोरडं असलं तर वजन चढत असणार.

"आवं, काय बगताय रोज?" चंदनबालानं एकदा विचारलं.

"नावं," आण्णा म्हणाले. "सायबाचं वर हाय, वीरधवलाचं खाली. पर वाकलीय अशी, की पयलं सायबाचंच आत जाणार."

आणि ते उठले, कुंपणाची एक काटी जरा आणखी लांब सरकवली.